ओके

एकतीस वर्षं मी ओके लिहिलं.
नाशिकरोडच्या छापखान्यात, उत्तरेच्या खिडकीशी,
तिकिटांचा ताव उजेडावर धरायचा,
कडेचे दात मोजायचे, रंग कुठे सांडलाय का बघायचं,
आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं दोन इंग्रजी अक्षरं:
एक गोल,
एक भिंतीला पाठ लावून हातपाय ताणलेलं.
शब्दाचा बाप कोण, हे विचारायला
पाळीत वेळ नव्हता.

आता आहे.
दुपारी वाचनालयात जाऊन जाडा कोश उघडतो
आणि कळतं, याच्या भावकीत मोठं भांडण आहे.
कोणी म्हणतं, बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानं
'सगळं बरोबर' हे गंमत म्हणून चुकीच्या स्पेलिंगात लिहिलं,
त्याची आद्याक्षरं तेवढी उरली.
कोणी निवडणुकीतल्या म्हाताऱ्या उमेदवाराच्या गावाचं नाव सांगतं.
कोणाला तो चोक्टॉ लोकांच्या बोलीत सापडतो,
कोणाला जहाजांत कोंबून आणलेल्या
आफ्रिकी माणसांच्या तोंडात.
वह्या तपासणारे ग्रीक मास्तरही रांगेत उभे आहेत.

पुरावा म्हणाल तर चुकीच्या स्पेलिंगाकडे झुकतो.
म्हणजे बघा,
बिनचूकपणाची मोहोर म्हणून जो शब्द मी मारत आलो
तो जन्मतःच चुकलेला.
माझ्या टेबलावर आला असता तर नाकारला असता,
वर सही, तारीख, दुसरी पाळी.

द्वारकेला युनूस पेंटर ट्रकच्या पाठीवर
'हॉर्न' आणि 'प्लीज' यांच्या मधे तोच शब्द काढत होता.
म्हटलं, हा इथे का?
चहावाला म्हणाला, लढाईत गाड्या रॉकेलवर चालायच्या, त्याचं.
क्लीनर म्हणाला, साबणाची जाहिरात होती.
युनूसनं ब्रश पुसला.
'मधली जागा भरते, साहेब. नाहीतर गाडी उघडी दिसते.'

आपण तरी कुठं राहतो?
कोणी म्हणतं, इथं नाक कापलं म्हणून नाशिक.
कोणी म्हणतं, नऊ टेकड्या, नऊ शिखरं.
बस दोन्ही पक्षांना निमाणीलाच उतरवते.

घरात इंदुमती ओके म्हणत नाही.
ती 'बरं' म्हणते.
त्याच्या उगमावर आमच्यात वाद नाही,
अर्थावर आहे, रोज,
विशेषतः 'बरं' म्हणून ती भांडी जोरात ठेवते तेव्हा.
आणि तेजल रॉटरडॅमहून नुसतं 'के' पाठवते.
गोल अक्षर कुठं गेलं गं, विचारलं
तर म्हणे, बाबा, घाईत होते.

एक ओके कोशात नाही.
जानेवारी होता. रात्रपाळी.
तावावर सातव्या ओळीत एक भोक पडलेलं नव्हतं.
भोकं पाडणाऱ्या मशीनवर दामू शिरसाठ.
पोरगा दोन दिवस बिटकोत, तापानं फणफणलेला,
आणि फाईलीत आधीच दोन मेमो.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मशीनकडे पाहत राहिला.
ताव उजेडावर धरला.
उजेडानं जे सांगायचं ते सांगितलं.
मी गोल काढला, जरा वाकडा आला.
मग दुसरं अक्षर.

ते तिकीट कोणीतरी जिभेनं ओलं केलं असेल.
फाडताना शेजारच्याचा कोपरा गेला असेल.
पत्र पोचलंही असेल.

परवा मुक्तिधामपाशी शिरसाठ भेटला,
सायकल हातात, मागचं चाक बसलेलं.
पोरगा आता द्राक्षबागांत ट्रॅक्टर चालवतो म्हणाला.
त्या रात्रीचं त्याला कळलं होतं का,
हे मी विचारलं नाही.
म्हटलं, बाकी कसं काय?
'ओके,' म्हणाला,
आणि पंक्चरवाल्याकडे वळला.